खानदानी जंतूंचे डॉक्टर

माणसाने माणसाचा तिरस्कार करू नये, असं मी वर्गात मुलांना बरीच वर्षं सांगत आलो. सांगताना स्वतःलाही पटायचं. मग सोलापुरात मंगळवार पेठेत आम्ही माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या आणि वर्षभरात खालच्या जागेत डॉक्टर मार्तंडराव वैरागकर दवाखाना थाटून राहायला आले. त्यानंतर हे वाक्य वर्गात म्हणताना माझी जीभ अडखळू लागली.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या एकदोन वर्षं आधीची ही गोष्ट. मी हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती. खाली बोललेलं वर ऐकू यायचं आणि वैरागकरांचं तर शेजारच्या गल्लीतही ऐकू जात असावं. त्यामुळे त्यांचा सगळा धंदा मी इच्छा नसताना ऐकला.

ते डॉक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईला वैद्यकी शिकायला गेले होते आणि अर्ध्यातून परत आले. का सोडलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिथले प्रोफेसर मोठ्या आतड्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांच्याकडून मी काय शिकणार?" पाटीवर नावापुढे इंग्रजी अक्षरांची रांग होती. त्या अक्षरांचा अर्थ मला कधी लागला नाही आणि त्यांनीही कधी सांगितला नाही. उंच, हडकुळा देह, सोलापूरच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि समोरच्याच्या अंगाला वास येत असावा अशी कायम आकसलेली नाकपुडी. त्यांच्या लेखी तो खरंच येत होता. सगळं जग आतून कुजलेलं आहे, हा त्यांचा सिद्धांत होता.

"मोठं आतडं म्हणजे गटार," ते म्हणत. "आणि तुम्ही मंडळी त्या गटारावर घर बांधून वर सत्यनारायण घालता."

टक्कल पडलं तर आतडं. मुलगा मॅट्रिकला नापास झाला तर आतडं. नवराबायकोचं पटत नसेल तर दोघांचीही आतडी. एकदा गिरणीत संप झाला, तेव्हा त्यांनी कोट घातला आणि तडक गिरणीच्या मॅनेजरसाहेबांना जाऊन भेटले. कामगारांच्या पोटात विष साचतं, ते डोक्यात चढतं आणि मग संप होतो, असं त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. प्रत्येकाला सकाळी दोन गोळ्या दिल्या तर लाल बावटा आपोआप खाली येईल, हेही सांगितलं. साहेबाने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. परत आल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, साहेबाची जीभ पाहिली. त्यालाही आहे."

नमस्काराच्या जागी ते "सकाळी साफ झालं का?" असं विचारत. माझे सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे उतरले होते. जिन्यातच त्यांना हा प्रश्न आला. सासरे जुन्या वळणाचे. त्यांनी पायातला जोडा काढायचा तो तसाच पायात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच हा माणूस मुद्दाम दारात उभा केला असावा. शाळेच्या संमेलनात हेडमास्तरांनाही त्यांनी हेच विचारलं, तेही पाहुण्यांच्या देखत. मंडईत भाजी घेताना माळणीला जीभ काढून दाखवायला सांगायचे. एकीने काढून दाखवली, ती वेडावून दाखवण्यासाठी. ह्यांनी वाकून पाहिली आणि म्हणाले, "पांढरी आहे."

आता गोळ्यांविषयी. पॅरिसच्या कुणा मोठ्या शास्त्रज्ञाने म्हणून ठेवलं होतं की आंबवलेल्या दुधातले जंतू आतड्यात गेले की तिथली कुजवण थांबते, आणि बल्गेरियातले धनगर असलं दूध पिऊन म्हातारे होऊन मरतात. ते जंतू वाळवून त्यांच्या गोळ्या करायच्या, ही त्या काळातली नवी विद्या होती. तपकिरी बाटल्यांतून त्या विलायतेहून मुंबईला यायच्या आणि मुंबईहून पार्सलने वैरागकरांकडे. या विद्येला मी हसलो नाही. दह्याताकाने पोट ताळ्यावर येतं, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. त्याचं कारण कुणी सूक्ष्मदर्शकातून शोधलं असेल, तर उलट आनंदच. माझा राग निराळ्या गोष्टीचा होता. ज्या गावात घरोघर संध्याकाळी विरजण लागतं, त्या गावात हा गृहस्थ दह्याचेच जंतू बाटलीत भरून विकायला आला, आणि घरचं दही हे विष आहे, असं लोकांना सांगू लागला.

"अहो, दह्याच्या गोळ्या म्हणू नका!" पेशंटवर ते खेकसत. "तुमच्या मडक्यात काय असतं? शेणामातीचे, उकिरड्यावरचे, कुठून कुठून आलेले जंतू. हे बाटलीतले जंतू खानदानी आहेत. एका वंशाचे. यांच्यात भेसळ नाही."

जंतूंचीही जात पाहणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

दवाखान्यात त्या बल्गेरियन धनगराचं एक चित्र चौकटीत लावलेलं होतं. पांढरीशुभ्र दाढी, डोक्यावर केसाळ टोपी, हातात काठी. खेड्यातून आलेली माणसं त्याला कुणीतरी साधुपुरुष समजून आधी हात जोडायची. अक्कलकोटकडची एक म्हातारी तर दर खेपेला त्याला फूल वाहायची. मी डॉक्टरांना म्हणालो, "त्यांना सांगा तरी, हा धनगर आहे म्हणून." ते म्हणाले, "श्रद्धेने पचन सुधारतं." पुढे चौकटीपुढे उदबत्तीचं घरही आलं. ते म्हातारीने आणलं नव्हतं.

या माणसाची बायको म्हणजे गंगावहिनी. माहेर कानडी मुलखाच्या कडेचं. बोलणं थोडं आणि ठाम. त्यांच्या हातचं दही सुरीने कापावं असं लागायचं. पण नवऱ्याने घरात दह्याताकाला बंदी केलेली. तेव्हा वहिनींनी सरळ आपलं विरजणाचं मडकं उचललं आणि आमच्या माडीवर आणून ठेवलं. दुपारी दवाखाना बंद झाला की त्या वर यायच्या, माझ्या बायकोबरोबर ताकभात जेवायच्या आणि तोंड धुऊन खाली जायच्या.

"डॉक्टरांना कळलं तर?" माझ्या बायकोने विचारलं.

"कळू दे की," वहिनी म्हणाल्या. "आतडं माझं आहे."

त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत वैरागकरांनी तंबू टाकला. सिद्धेश्वराच्या या जत्रेला जिल्ह्यातून माणसं लोटतात. पाळणे, मौत का कुआ, दोन डोक्यांचं वासरू अशा सगळ्याच्या मधोमध यांचा तंबू, आणि त्यात 'प्रत्यक्ष प्रयोग'. सायन्सचा मास्तर म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीत मला बसवलं. उकळून निववलेलं दूध दोन वाडग्यांत ओतलं. एकात सर्वांदेखत गोळ्या कुटून टाकल्या, दुसऱ्यात काही नाही. दोन्ही वाडग्यांवर फडकी बांधली आणि गाठींवर मी स्वतः लाख लावली. दुसऱ्या दिवशी लोकांसमोर लाख फोडली. गोळ्यांच्या वाडग्यात कवडीसारखं घट्ट दही, दुसऱ्यात दूध जसंच्या तसं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वैरागकरांनी तो वाडगा दोन्ही हातांनी उंच धरला. त्या दिवशी बाटल्या संपल्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत ते नाराज होऊन गेले.

मलाही नवल वाटलं. शाळेत मुलांना दाखवावं म्हणून मी एक बाटली घेतली आणि प्रयोगशाळेत तोच प्रयोग केला. दही लागलं नाही. पुन्हा केला. दूध नासलं, पण दही काही झालं नाही. तिसऱ्यांदा ऊब दिली, तरी तेच. मी बाटली खिशात घालून खाली गेलो.

"डॉक्टर, तुमचे जंतू मेलेले आहेत."

त्यांनी मान वर केली नाही. "मेलेच असणार. पार्सल उन्हाळ्यात आलं. पत्र्याखाली होतं. सोलापूरचा उन्हाळा त्या बिचाऱ्यांना कुठला सोसायला?"

"मग जत्रेत दही कसं लागलं?"

"वाडग्याला आतून थोडं विरजण फासलं होतं."

"तुम्ही?"

"मग काय, तुम्ही फासणार होता?" आता त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर लाज औषधालाही नव्हती. "मास्तर, सिद्धांत खरा आहे ना? पॅरिसमध्ये दही लागतं ना? मग इथं उन्हामुळे लागत नाही, हा सिद्धांताचा दोष नाही. खरी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला थोडं विरजण लागतं."

"आणि ते कुठून आणलंत?"

"तुमच्याच घरातून. हिचं मडकं तुमच्याकडे असतं, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

ज्या दह्याला हा माणूस उकिरडा म्हणत होता, तेच फासून त्याने युरोपची अब्रू राखली होती. मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही लबाड आहात." ते म्हणाले, "मेलेले जंतूही काम करतात. त्यांचा वास पुरतो." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी गप्प बसलो नाही. शाळेत बोललो, पेठेत बोललो, न्हाव्याच्या दुकानात बोललो. लोक ऐकून घेत आणि हसत. "मास्तरांना पोटदुखी झालीय," न्हावी म्हणाला, "डॉक्टरकडनं दोन गोळ्या घ्या की." मी प्रयोग करून दाखवतो म्हणालो, तर लोक म्हणाले, आम्ही तर डोळ्यांनी पाहिलं, आणि गाठीला लाख तुम्हीच लावली होती.

त्यानंतरची गोष्ट नीलव्वाची. आमच्या समोर सिद्रामप्पांचं भुसार दुकान. लिंगायत घर, माणसं सालस. त्यांची सून नीलव्वा बाळंतीण झाली आणि तिचं पोट जे बिघडलं ते थांबेचना. जत्रेत पाहिलेला वाडगा सिद्रामप्पांच्या डोळ्यांपुढे होता. त्यांनी वैरागकरांना बोलावलं. वैरागकरांनी जीभ पाहिली, पोटावर बोटं वाजवली आणि हुकूम सोडला: ताक बंद, पेज बंद, भात बंद. फक्त गोळ्या आणि बार्लीचं पाणी.

आठवडाभरातच ती मुलगी वाळत चालली. तिची सासू मल्लव्वा एका दुपारी जिना चढून आमच्याकडे आली आणि दारातच बसली.

"मास्तर, डॉक्टर म्हनतोय ताक म्हंजे इख. माजी सासू जलमभर ताकावर हुती की. पोरगी डोळं मिटून 'मज्जिगी, मज्जिगी' करतीय. ताक मागतीय वो. काय करू सांगा."

"द्या तिला ताक," मी म्हणालो. "आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या."

"मालक ऐकनात. डॉक्टरनं सांगितलंय, मधीच सोडलं तर जंतू उलटत्यात."

मी सिद्रामप्पांकडे गेलो. त्यांनी मला गूळपाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग नम्रपणे म्हणाले, "मास्तर, तुमी शाळा शिकिवता. ही विद्या निराळी हाय." रस्ता ओलांडून परत आलो तर आमच्या दारात वैरागकर उभे. म्हणाले, "माझ्या पेशंटच्या घरी तुमचं काय काम?"

"ती मुलगी मरतेय."

"तिच्या आतड्यात युद्ध चाललंय," ते शांतपणे म्हणाले. "युद्धात अशक्तपणा येतोच."

त्या क्षणी मी हात उगारला असता, तर मला आजही पस्तावा झाला नसता. पण मधे गंगावहिनी आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला, रस्ता ओलांडून सिद्रामप्पांच्या घरात शिरल्या आणि मल्लव्वाशी भराभरा कानडीत बोलल्या. दुसऱ्या दिवशी मंद्रूपहून नीलव्वाचा बाप बैलगाडी घेऊन आला. जावई, व्याही कुणाला काही न विचारता त्याने मुलीला आणि तान्ह्या पोराला गाडीत घातलं आणि घेऊन गेला. निरोप कुणी धाडला, हे पेठेत कुणी विचारलं नाही.

मंद्रूपला तिला ताक मिळालं, भात मिळाला, आणि मिशनच्या एका डॉक्टरीणबाईंचं औषधही. कशाने बरी झाली, मी सांगू शकत नाही. पण झाली. पुढच्या संक्रांतीला परत आली, तेव्हा अंगाने भरली होती आणि कडेवर पोर बाळसेदार.

आणि वैरागकरांनी तिला दवाखान्यात बोलावून पेशंटांसमोर उभी केली.

"ही पाहा," ते म्हणाले. मी वर फळ्यांवर बसून ऐकत होतो. "मरायला टेकली होती. आमच्या जंतूंनी युद्ध जिंकलं. जंतूंना वेळ द्यावा लागतो, एवढंच."

सिद्रामप्पा म्हणाले, "उपकार झाले डॉक्टर," आणि दुसऱ्या दिवशी केळीचा घड पाठवला. तो घड मी जिन्यातून जाताना दाराशी टांगलेला पाहिला. माणसाच्या मूर्खपणाची मला कधी इतकी घाण वाटली नव्हती. दोघांच्याही. घड देणाऱ्याच्या आणि तो ठेवून घेणाऱ्याच्या.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते जिन्यात भेटत, "साफ झालं का?" विचारत. मी भिंतीकडे पाहून पुढे जात असे.

पुढच्या श्रावणात शहरात हगवणीची साथ आली. गल्लोगल्ली माश्या. वैरागकर साथीत फिरले, हे मान्य करायला हवं. घोंगडीवर, चटईवर, जिथे पेशंट असेल तिथे बसले. हात धुवायचं मात्र त्यांना सुचत नसे, कारण धोका बाहेर नसून आतड्यात आहे, असं त्यांचं मत. व्हायचं तेच झालं. एक दिवस खालचा आवाज बंद पडला. दवाखान्याचं दार उघडलं नाही.

वहिनी वर आल्या. "भावजी, जरा चला. रक्त पडतंय."

मी गेलो. खरं सांगायचं तर मला एक दृश्य पाहायचं होतं. मला खात्री होती, की स्वतःवर आल्यावर हा माणूस गोळ्यांकडे ढुंकूनही पाहणार नाही. मुकाट्याने बायकोच्या हातचं ताक पिईल, सिव्हिल सर्जनच्या पाया पडेल, आणि मग मी त्याच्या तोंडावर हसेन. वर्षभराचा साठलेला राग मी त्यासाठी जपून आणला होता.

ते अंथरुणावर पडले होते. कोट खुंटीला होता. कोटाशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत एवढासा माणूस होता. उशाशी तपकिरी बाटली, अर्धी संपलेली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आता नाटक पुरे. टांगा बोलावतो. मोठ्या दवाखान्यात हगवणीवर इंजेक्शन देतात. आठवड्यात हिंडाल."

त्यांनी डोळे उघडले. "इंजेक्शनने माझे जंतू मरतील."

"ते कधीच मेलेत! तुम्हीच मला सांगितलंत!"

"ही नवी बाटली आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यात आलेली. हे जिवंत आहेत."

वहिनींनी ताकाचा पेला पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला. जोरात नाही, हळूच. मग बाटलीतून दोन गोळ्या काढायला लागले. एक गोळी गादीवर पडली, ती त्यांनी चाचपून शोधली आणि तोंडात टाकली.

मी हसलो नाही. हसायचं होतं ते दृश्यच तिथे नव्हतं. या माणसाने जगाला फसवलं, पण तो स्वतः बाहेर उभा राहून मजा पाहत नव्हता. तोही त्यातच होता, गळ्यापर्यंत. मला याचा आनंद व्हायला हवा होता की दया यायला हवी होती, कोण जाणे. आला तो फक्त संताप. लबाडाचा तिरस्कार करणं किती सोपं असतं, आणि या गृहस्थाने मला तेवढंही सुख मिळू दिलं नाही.

दोन दिवस ते कुणाचं ऐकेनात. शेवटी त्यांची शुद्ध हरपली, तेव्हा सिद्रामप्पांनी आणि मी त्यांना उचलून टांग्यात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. रक्त थांबलं. पण अंगात काही उरलंच नव्हतं. फार उशीर केलात, असं ते वहिनींना म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो, तेव्हा वहिनी व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ह्यांना लबाड म्हणायचात ना?"

"म्हणायचो."

"लबाड असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "जगले असते."

वहिनींनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडत नव्हत्या. त्या चिडलेल्या होत्या, माझ्याइतक्याच, किंवा माझ्याहून फार जास्त.

"शुद्धीवर आहेत," त्या म्हणाल्या. "जाऊन या आत."

मी वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. खाटांची लांब रांग. खिडकीजवळच्या खाटेवर ते पडले होते. चेहरा मेणासारखा पिवळा, ओठ सुकलेले. शेजारच्या खाटेवर गिरणीतला एक कामगार, मागाच्या साच्याखाली सापडून मोडलेला पाय फळ्यांत बांधून वर टांगलेला. वैरागकर त्याच्याकडे तोंड वळवून बोलत होते. आवाज जवळजवळ उरलाच नव्हता, तरी एक बोट हवेत हलत होतं. मोठं आतडं, विष, रक्तात मिसळतं, डोक्यात जातं. कामगार आपलं दुखणं विसरून, कोपरावर रेलून, डोळे मोठे करून ऐकत होता. त्या चुरगळलेल्या चादरीवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं, त्याला समाधानाखेरीज दुसरा शब्द नाही.

"म्हंजे डॉक्टर," कामगाराने विचारलं, "माजा पाय बी त्यानंच मोडला म्हनायचा का?"

वैरागकरांनी क्षणभर डोळे मिटले. प्रश्नाचा नीट विचार केला.

"शक्यता," ते म्हणाले, "नाकारता येत नाही."

कामगाराने मान डोलावली. मी आत गेलो नाही.